स्वभाव आणि सांघिक खेळ: मुलाच्या व्यक्तिमत्त्वाचा कामगिरीवर किती परिणाम होतो?

"डॉक्टर, सरावात हा एकदम छान खेळतो, पण सामन्यात हातपाय गळतात." "ती फार अबोल आहे. प्रशिक्षक म्हणतात, असा स्वभाव संघात चालत नाही." "आधी किती उत्साही होता, आता मैदानावर जायचं नावच काढत नाही." खेळणाऱ्या मुलांचे पालक ओपीडीत आले की अशा तक्रारी हमखास ऐकू येतात. तिन्हींच्या मागे प्रश्न एकच असतो: मुलाचा स्वभाव त्याच्या खेळाच्या आड येतोय का?

या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" इतकं सोपं नाही. स्वभावाचा खेळावर परिणाम होतो, पण लोकांना वाटतो तितका नाही आणि वाटतो तसाही नाही. शिवाय ज्याला घरचे "स्वभाव" म्हणतात ते कधीकधी आजाराचं लक्षण असतं. हा फरक वेळेवर ओळखता यावा यासाठी हा लेख आहे.

व्यक्तिमत्त्व म्हणजे नेमकं काय?

व्यक्तिमत्त्व म्हणजे विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि वागण्याची आपली नेहमीची, बऱ्यापैकी टिकून राहणारी पद्धत. एका सामन्यात चिडलेला मुलगा "रागीट" ठरत नाही. घरी, शाळेत, मैदानावर, वर्षानुवर्षं तो तसाच वागत असेल तरच तो त्याचा स्वभावगुण.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावांतील फरकांपैकी साधारण 40 ते 50 टक्के भाग अनुवंशिकतेशी जोडलेला असतो. उरलेला भाग अनुभव आणि परिस्थिती यांच्याशी निगडित असतो. किशोरवयात तर स्वभाव अजून घडतच असतो. बारा-तेरा वर्षांच्या आसपास अनेक मुलांचा नीटनेटकेपणा आणि शिस्त थोडी कमी होते आणि विशीकडे जाताना पुन्हा वाढते. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलावर "हा कायमचाच असा" असा शिक्का मारणं शास्त्राला धरून नाही.

पाच मुख्य स्वभावगुण आणि मैदान

मानसशास्त्रात सध्या सर्वाधिक वापरली जाणारी चौकट पाच गुणांची आहे. हे गुण दिव्याच्या बटणासारखे "आहे" किंवा "नाही" असे नसतात. प्रत्येक माणसात ते कमी-अधिक प्रमाणात असतात.

• कर्तव्यदक्षता: ठरवलेलं काम नेटानं करणं, वेळ पाळणं, कंटाळा आला तरी सराव न सोडणं. चांगल्या कामगिरीशी सर्वांत सातत्यानं जोडलेला गुण हाच. कारणही साधं आहे. असा खेळाडू जास्त नियमित सराव करतो, झोप-आहार सांभाळतो आणि दुखापतीनंतर सांगितलेले व्यायाम पूर्ण करतो.

• बहिर्मुखता: माणसांत रमणं, मोकळेपणानं बोलणं, उत्साह. वैयक्तिक खेळांच्या तुलनेत सांघिक खेळांतले खेळाडू सरासरीनं थोडे अधिक बहिर्मुख आढळतात. पण ही सरासरी झाली. अबोल खेळाडूला संघात जागा नाही, असा तिचा अर्थ मुळीच नाही.

• मिळून-मिसळून वागणं: दुसऱ्याचा विचार करणं, सहकार्य, विश्वास. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही. योग्य क्षणी "खो" देऊन दुसऱ्याला उठवावंच लागतं. कबड्डीतली साखळी पकड हीसुद्धा शेजारच्या गड्यावर भरवसा असल्याशिवाय होत नाही.

• भावनिक अस्थिरता: लवकर चिंता वाटणं, मन खट्टू होणं, चुकीचा विचार डोक्यात घोळत राहणं. वरच्या स्तरावरच्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण सरासरीनं कमी आढळतं. मात्र असा स्वभाव असलेली मुलंही उत्तम खेळू शकतात. त्यांना दडपण हाताळण्याची कौशल्यं थोडी जास्त शिकवावी लागतात, इतकंच.

• नव्याची ओढ: नवं करून पाहण्याची तयारी, कल्पकता. हा गुण आणि कामगिरी यांचं नातं सर्वांत अस्पष्ट आहे.

मग स्वभावावरून खेळाडू ओळखता येतो का?

नाही. संशोधनात स्वभावगुण आणि कामगिरी यांचा जो संबंध दिसतो तो बहुधा कमी ताकदीचा असतो. समजा, एखादा गुण आणि कामगिरी यांच्यातला सहसंबंध 0.2 आला. याचा अर्थ खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकांपैकी जेमतेम 4 टक्के फरक त्या गुणाशी जोडता येतो. उरलेल्या 96 टक्क्यांत कौशल्य, शारीरिक क्षमता, प्रशिक्षण, आहार, झोप, दुखापती, संधी, इतर स्वभावगुण आणि नशीब असं सगळं येतं.

याचा धडा क्रीडा मानसशास्त्रानं बऱ्याच आधी घेतला आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको या मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आधारे खेळाडूची मानसिक जडणघडण जोखण्याची लाट आली. पुढे इतर अभ्यासकांनी तिच्या शास्त्रीय आधारावर जोरदार टीका केली. प्रश्नावलीनं यशस्वी खेळाडू हेरण्याचा तो आत्मविश्वास टिकला नाही.

त्याच विद्याशाखेत विल्यम मॉर्गन यांनी वेगळी गोष्ट दाखवली. यशस्वी खेळाडूंच्या मनःस्थितीचा आलेख काढला तर तणाव, उदासी, राग, थकवा, गोंधळ हे सरासरीच्या खाली आणि जोम मात्र बराच वर, असा हिमनगासारखा आकार दिसतो. इथे मोजलेली गोष्ट स्वभाव नसून मनःस्थिती आहे, हे महत्त्वाचं. मनःस्थिती बदलते, आणि ती सुधारताही येते. अतिसरावानं थकलेल्या खेळाडूत हाच आलेख उलटा होताना दिसतो.

संघात एकाच साच्याची माणसं लागतात का?

जानेवारी 2006 मध्ये लाहोर कसोटीत वीरेंद्र सेहवाग आणि राहुल द्रविड यांनी सलामीला 410 धावांची भागी केली. सेहवागच्या 254 आणि द्रविडच्या नाबाद 128. एक पहिल्या चेंडूपासून तुटून पडणारा, दुसरा चेंडू जोखून खेळणारा. दोन पूर्णपणे वेगळ्या पद्धतींनी एकमेकांना पूरक काम केलं. (खेळण्याची शैली म्हणजे माणसाचा स्वभाव नव्हे. आक्रमक फलंदाज घरी अगदी शांत असू शकतो.)

सांघिक खेळात प्रत्येक जागेची मागणी वेगळी असते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला 30 सेकंदांत, समोर सात जण असताना, एकट्यानं जोखीम घ्यावी लागते. कोपऱ्यातल्या बचावपटूला त्याउलट संयम लागतो. घाईनं झेप घेतली की गुण गेला. अबोल, निरीक्षण करणारी मुलगी बचावात फार मोलाची ठरू शकते. म्हणून "हिचा स्वभाव संघात चालत नाही" असं म्हणण्याऐवजी "हिच्या स्वभावाला कोणती भूमिका साजेल?" असा प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं आहे.

संघात राहून माणसाचं वागणंही बदलतं. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी दोरी ओढण्याचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्यानं ओढताना माणूस जितका जोर लावतो, त्याच्या जवळपास निम्माच जोर आठ जणांच्या गटात त्याच्या वाट्याला येतो, असं त्यांना आढळलं. यात ताळमेळ चुकण्याचा भाग असतो, तसाच "बाकीचे आहेतच की" या भावनेचाही. पुढच्या संशोधनात असं दिसलं की प्रत्येकाची मेहनत स्वतंत्रपणे मोजली जाते हे कळलं की हा ढिलेपणा बराच कमी होतो. तेव्हा संघात "आळशी" वाटणाऱ्या मुलाचा दोष स्वभावाचाच असेल असं नाही. आपली नेमकी जबाबदारी काय, हे त्याला कोणी सांगितलंच नसेल.

संघातली एकजूट आणि कामगिरी यांचंही घट्ट नातं आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर, एकजूट असलेले संघ चांगले खेळतात आणि चांगलं खेळल्यानं एकजूट वाढते, असं दुहेरी चित्र दिसतं.

सरावात उत्तम, सामन्यात अडखळतो. असं का होतं?

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. हजारो वेळा केलेली कृती मेंदू आपोआप करायला शिकतो. सायकल चालवताना पायडल कसं मारायचं याचा आपण विचार करत नाही, तसंच हे. दडपणाखाली मात्र मुलाचं लक्ष स्वतःवर जातं. "हात नीट आहे ना? बाबा बघतायत. पुन्हा चुकलं तर?" आपोआप होणाऱ्या कृतीवर असं बारीक लक्ष ठेवलं की तिची लय तुटते. शिवाय काळजीचे विचार मेंदूची निर्णयक्षमता अडवून ठेवतात. हृदयाचे ठोके वाढणं, घाम येणं, पोटात गोळा येणं हे शरीराच्या तयारीचं नैसर्गिक लक्षण आहे. पण मुलाला ते "मला जमणार नाही" याचा पुरावा वाटतं.

चिंताळू स्वभावाच्या मुलांमध्ये हे जास्त होतं, पण शांत मुलांमध्येही होतं. सरावानं कमी होण्याजोगी ही अडचण आहे:

• ठरलेला क्रम: सर्व्हिस, फ्री थ्रो किंवा चढाईआधी रोज तेच दोन-तीन छोटे टप्पे. उदा. एक दीर्घ श्वास, नजर एका ठिकाणी, एक ठरलेला शब्द.
• श्वास: चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. हे घरी रोज पाच मिनिटं केलं तरच सामन्यात आठवतं.
• दडपणाचा सराव: सरावात गुणफलक लावणं, प्रेक्षक बसवणं, तिसऱ्या चढाईसारखी "आता गुण हवाच" ही स्थिती मुद्दाम आणणं.
• "असं झालं तर तसं करेन": "झेल सुटला तर टाळी वाजवून लगेच जागेवर जाईन" असं आधीच ठरवून ठेवणं.

परिपूर्णतेचा ध्यास: गुण की धोका?

स्वतःकडून उंच अपेक्षा ठेवणं चांगलं. पण "मी चुकलो तर आई-बाबांना, सरांना मी नकोसा होईन" अशी भीती मनात असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्यांनी लादलेल्या परिपूर्णतेची ही जाणीव चिंता, उदासी आणि खेळाचा वीट येणं यांच्याशी जोडलेली आढळते. अशी मुलं बाहेरून आदर्श दिसतात. कधी सराव चुकवत नाहीत, दुखापत लपवतात, जिंकल्यावरही चुकाच मोजतात. त्यांची तक्रार कोणी करत नाही, म्हणूनच त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

चांगली कामगिरी म्हणजे मन ठीक, असंही समजू नये. ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅक्सवेल याने ऑक्टोबर 2019 मध्ये मानसिक आरोग्यासाठी क्रिकेटमधून विश्रांती घेतली. त्याच्या काही दिवस आधीच त्यानं धडाकेबाज अर्धशतक केलं होतं. मदत घेऊन तो परतला, आणि 7 नोव्हेंबर 2023 रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकात त्यानं नाबाद 201 धावा केल्या. विराट कोहलीनंही 2022 मध्ये जाहीरपणे सांगितलं की मानसिक थकव्यामुळे त्यानं महिनाभर बॅट हातात घेतली नव्हती. मदत घेणं किंवा थांबणं हे कमकुवत स्वभावाचं लक्षण नाही.

स्वभाव की आजार?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. स्वभाव हळूहळू बदलतो. काही आठवड्यांत मूल "बदलल्यासारखं" वाटू लागलं तर तो स्वभाव मानू नका, कारण शोधा. पुढील शक्यता डॉक्टर तपासतात:

• रक्तक्षय आणि लोहाची कमतरता: "आळशी झाली आहे" असं म्हटल्या जाणाऱ्या मुलीला धाप लागत असेल, पाय जड वाटत असतील, तर हिमोग्लोबिन तपासा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मुलांमध्येही हे प्रमाण जवळपास 31 टक्के आहे.
• झोपेची कमतरता: किशोरवयीन मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. पहाटेचा सराव, शाळा, शिकवणी आणि रात्री मोबाईल, यात ती कमी पडते. चिडचिड आणि विसराळूपणा त्यातूनच येतो.
• कमी खाणं: सरावाच्या मानानं आहार अपुरा असेल तर थकवा, उदासी, वारंवार दुखापती होतात आणि मुलींची पाळी अनियमित होते. पाळी सलग तीन महिने न आल्यास दाखवायलाच हवं.
• डोक्याला मार: कबड्डी, फुटबॉल, क्रिकेटमध्ये डोकं आपटल्यावर चिडचिड, गोंधळ, प्रकाश सहन न होणं, झोपेत बदल दिसला तर तो मेंदूला बसलेला धक्का असू शकतो. बेशुद्ध पडला नाही म्हणून दुर्लक्ष करू नका. त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच टप्प्याटप्प्यानं मैदानावर परत आणा.
• थायरॉइडचे विकार: सुस्ती, वजनात बदल, छातीत धडधड.
• नैराश्य आणि चिंताविकार: दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा चिडचिड, आवडत्या गोष्टींत रस न वाटणं, भूक-झोप बिघडणं, मित्र टाळणं.
• त्रास किंवा छळ: मूल एका विशिष्ट व्यक्तीला, खोलीला किंवा दौऱ्याला टाळत असेल तर शांतपणे, एकट्याशी बोला. "लाजाळू झालाय" म्हणून सोडून देऊ नका.

तातडीनं मदत कधी घ्यावी?

मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो" असं म्हणत असेल तर वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचं रुग्णालय गाठा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातपाय लुळे पडणं किंवा जागं करूनही न उठणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट तातडीच्या विभागात न्या.

औषधांबद्दल सावधान

सामन्याआधी "धडधड कमी करणारी गोळी" मित्राच्या सांगण्यावरून घेणारी मुलं आढळतात. प्रोप्रानोलॉलसारख्या या गोळ्यांनी दम्याच्या रुग्णाचा श्वास धोकादायकरीत्या अडकू शकतो आणि रक्तदाब व नाडीही मंदावते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नये.

लक्ष केंद्रित न होण्याच्या विकारावर दिलं जाणारं मिथिलफेनिडेट हे औषध स्पर्धेच्या काळात उत्तेजकविरोधी नियमांनुसार प्रतिबंधित आहे. उपचार बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. स्पर्धात्मक स्तरावर खेळणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं आधीच सांगावं आणि उपचारासाठीच्या सवलतीचा रीतसर अर्ज करावा.

पालकांनी घरी काय करावं?

• सामना संपल्यावर घरी येताना चुकांची उजळणी करू नका. "मजा आली का? भूक लागली का?" एवढं पुरे. खेळाचं बोलणं मुलानं काढलं तर ऐका.
• निकालाचं नव्हे, त्याच्या हातातल्या गोष्टीचं कौतुक करा. "हरलात" ऐवजी "शेवटपर्यंत धावलास."
• "आमचा भित्रा आहे" असं त्याच्यासमोर पाहुण्यांना सांगू नका. मुलं शिक्क्यांप्रमाणे वागू लागतात.
• भावंडाशी किंवा संघातल्या दुसऱ्या मुलाशी तुलना टाळा.
• आठवड्यातून किमान एक दिवस सरावाला सुट्टी असू द्या.
• प्रशिक्षकांना भेटून मुलाची संघातली भूमिका काय, हे विचारा आणि मुलालाही ते स्पष्ट कळलंय का, ते पाहा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मूल अंतर्मुख आहे. सांघिक खेळात घालावं का?
त्याला आवड असेल तर जरूर. अंतर्मुखता हा दोष नाही. लहान गट, ओळखीचा मित्र आणि समजून घेणारा प्रशिक्षक असेल तर सुरुवात सोपी जाते. स्वभाव "सुधारण्यासाठी" म्हणून जबरदस्तीनं घालू नका.

खेळानं स्वभाव बदलतो का?
थोडाफार, हळूहळू. नियमितपणा, सहकार्य, हार पचवणं या सवयी लागतात. पण वातावरण अपमानाचं असेल तर उलटा परिणामही होतो.

स्वभावचाचणी करून खेळ निवडावा का?
नको. पैसे घेऊन "तुमच्या मुलाला कोणता खेळ योग्य" असं सांगणाऱ्या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानं मुलाला समजून घेण्यासाठी केलेली चाचणी उपयोगी ठरू शकते. निवड करण्यासाठी किंवा वगळण्यासाठी ती वापरू नये.

नेमकं कोणाकडे जावं?
आधी बालरोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचे डॉक्टर. ते शारीरिक कारणं तपासतील. शारीरिक तपासण्या ठीक असतील आणि अडचण फक्त सामन्यातल्या दडपणाची असेल तर क्रीडा मानसशास्त्रज्ञ. उदासी, तीव्र चिंता, झोप-भूक बिघडणं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ.

थोडक्यात

स्वभाव खेळाला दिशा देतो, पण भविष्य ठरवत नाही. कर्तव्यदक्षतेसारख्या गुणांचा फायदा होतो, चिंताळूपणा कौशल्यांनी हाताळता येतो आणि अबोल मुलालाही संघात मोलाची जागा असते. मूल हळूहळू घडत असेल तर धीर धरा. ते अचानक बदललं असेल तर कारण शोधा. खेळातली एखादी संधी पुन्हा येते, पण उपचाराची योग्य वेळ वाया जाऊ देऊ नका.

(हा लेख सामान्य माहितीसाठी आहे. मुलाच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)